निखारा आणि भट्टीचा तळ

शेगडीतील निखारा चिमट्याने उचलून पाहा. त्याचे एक टोक लालबुंद असते, तर दुसरे कितीतरी वेळ काळेच राहते. तेवढ्याच लांबीची लोखंडी सळई विस्तवात धरली, तर थोड्याच वेळात ती हातात धरवत नाही. कोळशातून उष्णता इतक्या सावकाश का जाते?

लाकूड हवा न लागू देता सुमारे ४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, की त्यातील पाणी व वायू निघून जातात आणि मुख्यतः कार्बन उरतो. झाडाच्या ज्या सूक्ष्म नलिकांतून एके काळी पाणी वर चढत असे, त्या मात्र तशाच राहतात. त्यांत हवा भरते, आणि हवा ही उष्णतेची मंद वाहक आहे. शिवाय कार्बनच्या अणूंचे थर अगदी लहान व अस्ताव्यस्त असतात. अणूंच्या कंपनांतून पुढे सरकणारी उष्णता पावलोपावली अडखळते. म्हणूनच लाकडी कोळशाची उष्णतावाहकता लोखंडाच्या मानाने शेकडो पटींनी कमी भरते. सोनार दागिन्याचा सांधा कोळशाच्या ठोकळ्यावर ठेवून जोडतो, तो याच गुणामुळे. ज्योतीची उष्णता दागिन्यापाशीच राहते.

ग्राफाइट हाही कार्बनच. पण त्यातील थर सपाट, विस्तीर्ण व नीट रचलेले असतात. थराच्या दिशेने उष्णता त्यातून लोखंडापेक्षाही सहज वाहते; थराच्या आडव्या दिशेने मात्र फारच कमी.

या भेदाचे मोल छत्तीसगडला चांगले ठाऊक असावे. मध्य भारतातील आगरिया लोक मातीच्या लहान भट्टीत लाकडी कोळसा घालून, पायाने भाते चालवून लोखंड गाळत. भिलाई-३ या वस्तीपासून जवळच असलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. अशा मोठ्या भट्ट्यांत लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाचा कोक वापरतात. तळाशी सुमारे १५०० अंशांचा लोखंडाचा रस साचतो. आपल्याला वाटेल, की तेथील अस्तर उष्णता अडवणारे असावे. प्रत्यक्षात आधुनिक झोतभट्टीच्या तळाला उष्णता चांगली वाहून नेणाऱ्या कार्बनच्या विटा बसवतात. बाहेरून पाण्याने गार ठेवलेल्या कवचाकडे त्या उष्णता पोहोचवतात. त्यामुळे विटेच्या आतील पृष्ठावर रसाचा पातळ थर गोठतो आणि तोच विटेचे रक्षण करतो. तळाशी मोकळा ऑक्सिजन नसल्याने वीट जळतही नाही.

मग लाकडी कोळसाच अधिक तापवून अशा विटा का करू नयेत? त्याची उष्णतावाहकता तापवल्याने वाढते, हे खरे. परंतु रोझालिंड फ्रँकलिन यांनी १९५१ मध्ये दाखवून दिले, की काही कार्बन ३००० अंशांपर्यंत तापवले तरी ग्राफाइट होत नाहीत. लाकडी कोळसा याच प्रकारातला. त्याचे थर सुरुवातीलाच एकमेकांत आडवेतिडवे घट्ट जखडलेले असतात. नंतर कितीही आच दिली तरी ते एका ओळीत येत नाहीत.