वर गेलेला दगड

चिंचांच्या दिवसात मी चिंचा पाडायला दगड वर फेकला. चिंच पडली नाही. दगड खाली आला आणि धाकट्या भावाच्या डोक्यात बसला. तीन टाके पडले. आजी रागावली, "कामून फेकला रे?" मी म्हणलो, "त्याला नाही मारला, मी तर वर फेकला!"

वर गेलेला दगड इतक्या जोरात कसा लागला, हे मी गुरुजींना विचारलं. त्यांनी फळ्यावर हिशोब मांडला. तो तुम्हाला सांगतो.

पृथ्वी प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते. म्हणून वर जाणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सुमारे १० मीटरने कमी होतो. खाली येताना तो तेवढाच वाढत जातो. हवेचा अडथळा आपण सोडून देऊ.

समजा, चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ वर फेकला. एका सेकंदाने त्याचा वेग ० होतो. सुरुवातीला १०, शेवटी ०, म्हणून सरासरी वेग ५. म्हणजे चेंडू ५ मीटर वर गेला. खाली यायलाही एकच सेकंद लागतो आणि हातात पडताना वेग पुन्हा १०! म्हणजे तासाला ३६ किलोमीटर. आपली सायकलसुद्धा एवढी पळत नाही. जेवढ्या वेगाने फेकावं, तेवढ्याच वेगाने परत येतं.

आता वेग दुप्पट करा, २०. वर जायला २ सेकंद, सरासरी वेग १०. उंची १० × २ = २० मीटर. वेग दुप्पट, पण उंची चौपट! मला खोटं वाटलं, म्हणून मी पुन्हा गुणाकार करून पाहिला.

मग आम्ही मैदानात चेंडू फेकला. गुरुजी घड्याळाचा काटा बघत होते. चेंडू २ सेकंदांनी हातात आला. त्याचे अर्धे, १ सेकंद. म्हणजे उंची ५ मीटर. शिडी लागली नाही, घड्याळ पुरलं.

पृथ्वी वस्तूंना ओढते हे भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथात लिहिलं आहे. तो ग्रंथ ११५० सालचा. आपल्या कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगाव. तिथून जवळच पाटण आहे. तिथल्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे.

भावाचे टाके आता निघाले. आम्ही चिंचा काठीने पाडतो. तुम्हीपण दगड फेकू नका.

कोडं : चेंडू ६ सेकंदांनी परत आला, तर तो किती उंच गेला? उत्तर गुरुजींना सांगा.

— इयत्ता चौथी