दहा हजार पावलांचा दंडक

विरारजवळच्या नंदाखाल गावातल्या वाड्यांमधल्या अरुंद वाटांवर पहाटे चालावयास निघणाऱ्या कित्येकांच्या मनगटावर आता पावलांचा हिशेब ठेवणारे घड्याळ असते, आणि त्या हिशेबात दहा हजारांची भरती झाली नाही तर सगळे श्रम व्यर्थ गेले अशी खंत त्यांच्या मनात घर करून राहते. हा आकडा वैद्यकशास्त्राने मुक्रर केला, ही सार्वत्रिक समजूत मात्र निराधार आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकने जपानात व्यायामाचा उत्साह संचारला असता, पुढच्याच वर्षी तेथील एका कंपनीने ‘मानपो-केई’ हे पाऊलमापक बाजारात आणले आणि दहा हजारांचा आकडा त्याच्या नावातच गोवला. एका व्यापारी मालाचे नाव पुढे जगभर आरोग्याचे फर्मान होऊन बसले.

संशोधनाची साक्ष पुष्कळच दिलासा देणारी आहे. हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांची पावले मोजून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्के कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या पुढे हा लाभ वाढताना दिसला नाही. हे निरीक्षण आहे, चालण्यानेच सर्व घडले याचा तो पुरावा नव्हे, हे ध्यानी ठेवूनही एवढे खास म्हणता येते, की ज्याची पावले आज तीन हजार आहेत त्याने चार हजारांची उमेद धरावी. दहा हजारांच्या धाकाने निराश होऊन घरी बसू नये.

दुसरी समजूत आमच्या परिसरात विशेष रुजलेली. ‘दिवसभर वाडीत राबतो, मग निराळे चालायचे कशाला?’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचे पूर्णांशाने चुकते असे मला वाटत नाही. पानवेलींना पाणी देणे, केळीचे घड वाहून आणणे, हे श्रम शरीर विसरत नाही; लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे संशोधक जेरेमी मॉरिस यांनी १९५३ सालीच दाखवून दिले होते. पण ज्या घरातला मुलगा विरार स्थानकापर्यंत रिक्षाने, तेथून लोकलने आणि पुढे खुर्चीवर बसून दिवस काढतो, त्याने बापाच्या कष्टांचा दाखला स्वतःसाठी पुढे करणे गैरलागू होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम श्रम सांगितला आणि किमान दहा मिनिटे सलग श्रम करण्याची जुनी अटही काढून टाकली. तेव्हा त्याने रिक्षा थोडी आधी सोडून उरलेली वाट पायी तोडली, तरी ती हिशेबात जमा होते.

मध्यम श्रम ओळखण्यास यंत्र लागत नाही: सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. मिनिटाला शंभराच्या आसपास पावले पडली की बहुतेकांना ही गती साधते. घामावरून मात्र निष्कर्ष काढू नये. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम आपसूक येतो, त्याने उतरलेले वजन पाणी प्यायल्यावर परत येते. चालण्याने झरझर वजन उतरेल ही अपेक्षाही फोल, कारण तासाभराच्या भरभर चालण्यात खर्च होणारी ऊर्जा दोन वड्यांची भरपाई करताना पुरती खर्ची पडते.

आता उद्दिष्टाविषयी. एक आठवडा काहीही न बदलता आपली पावले मोजावीत, त्यांत पाचशे ते हजारांची भर घालावी, आणि ती अंगवळणी पडल्याशिवाय पुढची भर घालू नये. आगाशी-अर्नाळ्याच्या रस्त्यावर पावसाळ्यात चालणे दुष्कर होते; त्या काळासाठी उद्दिष्ट आधीच कमी करून ठेवावे आणि घरात, ओटीवर फेऱ्या माराव्यात. गुडघे दुखतात म्हणून चालणे सर्वस्वी सोडणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण सांध्यांच्या झिजेत बेताचा व्यायाम हा उपचाराचाच भाग मानला जातो. छातीत दुखत असेल किंवा चालताना धाप लागत असेल, तर मात्र पावले वाढविण्याआधी तपासणी.