बंदरांचे रक्षक
लेखांक सहावा : व्हॅल्डीझचा दाखला

जहाजांच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय नियम कसे ठरतात, हे गेल्या लेखांकात पाहिले. ते नियम प्रत्यक्ष खडकांच्या, वाऱ्यांच्या व बर्फाच्या सान्निध्यात कोण आणि कसे अमलात आणतो, हे समजून घेण्यास अलास्कातील व्हॅल्डीझ या लहानशा गावी असलेले अमेरिकन तटरक्षक दलाचे सागरी सुरक्षा पथक हे उत्तम उदाहरण आहे.

उत्तर ध्रुवसमुद्राच्या काठी प्रुडो बे येथे निघणारे खनिज तेल सुमारे १,३०० किलोमीटर लांबीच्या नळातून १९७७ पासून या बंदरात येते. कारण उत्तरेचा समुद्र वर्षाचा बराच काळ गोठलेला असतो, आणि व्हॅल्डीझचे पाणी मात्र कडाक्याच्या हिवाळ्यातही मोकळे राहते. परंतु येथून भरून निघालेल्या तेलवाहू जहाजाला प्रथम व्हॅल्डीझ नॅरोज ही चिंचोळी खाडी, तिच्यातील मिडल रॉक हा खडक चुकवीत, ओलांडावी लागते. आणि पुढे प्रिन्स विल्यम साउंडच्या विस्तीर्ण जलाशयात कोलंबिया हिमनदीपासून तुटलेले हिमखंड त्याच्या वाटेत येतात.

या मार्गाचा बंदोबस्त ठेवणे हे पथकाचे मुख्य काम. ‘कॅप्टन ऑफ द पोर्ट’ या अधिकाऱ्यास सदोष जहाज रोखून धरण्याची, वारा अनावर झाल्यास वाहतूक बंद करण्याची, किंबहुना प्रसंगी सारे बंदरच बंद करण्याची मुखत्यारी असते. पथकाचे तपासनीस जहाजावर चढून सुकाणू, अग्निशामक साधने व जीवननौका यांची पाहणी करतात, धक्क्यावरील तेलाच्या नळांची तपासणी करतात, अपघाताची चौकशी करतात. आणि वाहतूक नियंत्रण केंद्रातील पहारेकरी रात्रंदिवस प्रत्येक तेलवाहू जहाजाचा माग ठेवतात.

हा माग ठेवण्याचे महत्त्व मात्र फार मोठी किंमत देऊन कळले. २४ मार्च १९८९ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटली असता, ‘एक्सॉन व्हॅल्डीझ’ हे जहाज ब्लाय रीफ या खडकावर आदळले आणि सुमारे १ कोटी १० लक्ष गॅलन तेल समुद्रात सांडले. हिमखंड टाळण्यासाठी आपण नेमलेला मार्ग सोडीत आहोत, अशी वर्दी जहाजाने नियंत्रण केंद्रास दिली होती. तरीही पुढे त्याचा माग कोणी ठेवला नाही. शेकडो मैलांचा किनारा काळवंडला, लक्षावधी समुद्रपक्षी मेले, आणि मासेमारीवर जगणाऱ्या वस्त्यांची रोजी बुडाली.

राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने चौकशीअंती कप्तानास, थकलेल्या अधिकाऱ्यास आणि जहाजाच्या मालक कंपनीस जबाबदार धरले. परंतु तेवढ्यावर न थांबता, परिणामकारक वाहतूक नियंत्रण पुरविण्यात तटरक्षक दलानेही कसूर केली, असा स्पष्ट निष्कर्ष नोंदविला. रक्षकाचा दोष सरकारी दप्तरात असा उघडपणे लिहिला जावा, हीच माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट होय. कारण ज्या दोषाची नोंद होते त्याच्याच दुरुस्तीची तजवीज होऊ शकते.

ती तजवीज १९९० च्या तेल प्रदूषण कायद्याने केली. नव्या तेलवाहू जहाजांना दुहेरी तळ व दुहेरी भिंती सक्तीच्या झाल्या, एकेरी कवचाची जहाजे टप्प्याटप्प्याने बाद ठरली, आणि तेल सांडल्यास काय करावयाचे याची मंजूर योजना बाळगणे मालकांवर बंधनकारक झाले. प्रिन्स विल्यम साउंडमधून भरल्या जहाजाबरोबर दोन सोबती नौका जाऊ लागल्या. स्थानिक मच्छीमारांच्या होड्यांना तेल गोळा करण्याची तालीम मिळू लागली. आणि कंपनी व सरकार या दोघांवरही नजर ठेवणारे नागरिकांच्या सल्लागार मंडळाला कायद्यानेच स्थान मिळाले.

किनाऱ्याचे रक्षण केवळ गणवेश, नौका व रडार यांच्या बळावर होत नाही. रक्षकालाही जाब विचारणारी चौकशी, तिचे निष्कर्ष मानणारा कायदा, आणि त्या कायद्याच्या पालनावर डोळा ठेवणारी किनाऱ्यावरची माणसे, ही तिन्ही जेथे असतात तेथेच सुरक्षा पथकाला खरे सामर्थ्य प्राप्त होते. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या मुखाशी दोन जहाजांची टक्कर होऊन आपल्याही किनाऱ्यावर तेल आले; त्या घटनेचा विचार याच कसोटीवर पुढील लेखांकात करू.