हिमालय ओलांडून आलेल्यांना भेटायला चला

नाताळच्या सुट्टीत तुम्ही रजई डोक्यावर ओढून झोपलेले असता, तेव्हा तिबेटच्या पठारावरची तळी गोठलेली असतात. मंगोलियात तर पारा शून्याच्या खाली वीस-तीस अंश उतरतो. गवत बर्फाखाली जातं, पाणी कडक होतं. मग तिथल्या बदकांनी, हंसांनी खायचं काय आणि पोहायचं कुठे? म्हणून थंडीची चाहूल लागली की ते उडतात, हिमालय ओलांडतात आणि थेट आपल्याकडे येतात. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने साधारण शंभर किलोमीटरवर भिगवण आहे. तिथल्या पाण्यावर थंडीभर त्यांचा मुक्काम असतो. या सुट्टीत मॉलमध्ये चकरा मारण्यापेक्षा घरच्यांना घेऊन तिथे जा, असं मी अगदी मनापासून सांगते.

भिगवणचं ते पाणी कुठलं, ठाऊक आहे? भीमा नदीवर सोलापूर जिल्ह्यात उजनीचं धरण आहे. ते १९८० साली पूर्ण झालं आणि नदीचं पाणी मागे मागे पसरत पुणे जिल्ह्यात आलं. किती गावं त्या पाण्यात गेली! पळसदेवचं जुनं दगडी देऊळही गेलं. उन्हाळ्यात पाणी फार आटलं की ते अजूनही वर डोकावतं. धरण बांधलं ते शेतीसाठी, पक्ष्यांचा विचार तेव्हा कुणाच्या मनात नसेल. पण उथळ पाणी, काठाला चिखल, चिखलात किडे आणि शेवाळ, पाण्यात मासे आणि आजूबाजूला गव्हा-हरभऱ्याची शेतं, एवढं एका जागी मिळाल्यावर पक्षी कशाला दुसरीकडे जातील?

भिगवणजवळच्या कुंभारगावात किंवा डिकसळला पोचायचं ते उजाडता उजाडता. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पुणेकरांनी पहाटे साडेचारला घर सोडायला हवं. आईबाबा कुरकुर करतील, करू देत. रेल्वेनेही जाता येतं, दौंडच्या पुढे भिगवण स्टेशन आहे. काठावर मासेमारी करणाऱ्या घरांतलीच माणसं होडीतून फिरवतात. त्यांना पक्षी कुठे बसतात, कधी उठतात, सगळं पाठ असतं. तुमच्या पुस्तकात नसलेलं पुष्कळ काही या होडीवाल्या काकांना माहीत असतं. त्यांना प्रश्न विचारायला लाजू नका.

आता मुख्य मंडळींकडे वळू. काठावरच्या गवतात राखाडी रंगाचे मोठे पक्षी घोळक्याने बसलेले दिसतील. दुर्बीण लावा आणि डोकं बघा. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे आहेत? चोच आणि पाय पिवळट नारिंगी आहेत? मग तो पट्टकदंब. वजन दोन-तीन किलो. दिवसा पाण्याकाठी आराम करायचा आणि अंधार पडला की शेतात चरायला जायचं, असा त्याचा दिनक्रम. दिसायला तो फार भपकेबाज नाही, त्यामुळे बरेच जण एक नजर टाकतात आणि पुढे जातात. तुम्ही तसं करू नका. हा पक्षी जगातल्या सर्वांत उंच उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक आहे.

शास्त्रज्ञांनी काही पट्टकदंबांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवून त्यांचा प्रवास मोजला. त्यातला एक पक्षी ७,२९० मीटर उंचीवरून गेल्याची नोंद झाली. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं. चार कळसूबाई एकावर एक रचल्या तरी हा पक्षी त्यांच्याही वरून जाईल! तिथे हवा इतकी विरळ असते की एका श्वासात आपल्याला इथल्या निम्म्याहूनही कमी ऑक्सिजन मिळतो. गिर्यारोहक चार पावलं टाकली की थांबून धापा टाकतात. आणि हे महाशय तिथे पंख मारत असतात. पंख मारणं हे तर चालण्यापेक्षा कितीतरी जास्त दमवणारं काम.

मग त्यांना जमतं कसं?

पहिली गोष्ट सगळ्याच पक्ष्यांची आहे. आपण श्वास आत घेतो आणि त्याच वाटेने बाहेर सोडतो, त्यामुळे फुप्फुसात थोडी शिळी हवा नेहमीच उरते. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात. त्यांच्यामुळे फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते. पक्षी श्वास घेत असो की सोडत असो, दोन्ही वेळा त्याच्या फुप्फुसाला ताजी हवा मिळते.

दुसरी गोष्ट पट्टकदंबाची स्वतःची. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन तुम्ही शाळेत शिकला असाल. पट्टकदंबाच्या हिमोग्लोबिनची रचना इतर हंसांपेक्षा किंचित वेगळी आहे. तेवढ्या फरकाने ते विरळ हवेतूनही ऑक्सिजन घट्ट पकडतं.

तिसरी गोष्ट शोधून काढायला एका बाईंना चक्क पट्टकदंबांची आई व्हावं लागलं. जेसिका मीर त्यांचं नाव. हंसाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर जे हलतंबोलतं पहिल्यांदा बघतं, त्यालाच आई समजतं आणि त्याच्या मागे मागे फिरतं. अमेरिकेत अंडी उबली तेव्हा पिल्लांसमोर जेसिका होत्या. झालं, पिल्लं त्यांचीच! ती मोठी झाल्यावर जेसिका सायकलवर, नंतर स्कूटरवर बसून रस्त्याने जायच्या आणि पक्षी त्यांच्या खांद्याशी उडायचे. मग त्यांनी पक्ष्यांना वाऱ्याच्या बोगद्यात उडायला शिकवलं. समोरून जोरात वारा सोडला की पक्षी पंख मारतो, पण राहतो जागच्या जागी. चोचीवर छोटा मुखवटा, त्यातून कमी ऑक्सिजनची हवा, आणि अंगावर मोजमाप करणारी यंत्रं. दिसलं असं, की हवा विरळ झाली तरी पक्षी पंख मारायचा वेग फारसा कमी करत नाही. पण शरीर आपला खर्च आवरतं, आणि शिरांमधलं रक्त थोडं थंड होतं. रक्त थंड झालं की त्यात आणखी ऑक्सिजन मावतो. हा अभ्यास सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच महिन्यात जेसिका मीर यानात बसून अंतराळ स्थानकावर गेल्या. त्या अंतराळवीरही आहेत! ज्या पक्ष्यांना त्यांनी उंचावर उडायला लावलं, त्यांच्यापेक्षा कितीतरी उंच, साधारण ४०० किलोमीटरवर, त्या सहा महिन्यांहून जास्त राहिल्या.

पट्टकदंब हुशारही आहे. एकदा उंच चढून तिथूनच सरळ उडत राहावं, असं तो करत नाही. डोंगर आला की चढतो, दरी आली की उतरतो. कारण उंचावर विरळ हवेत पंख मारायला जास्त कष्ट पडतात, त्यापेक्षा खाली येऊन पुन्हा चढणं स्वस्त पडतं. प्रवासही बहुतेक रात्री आणि पहाटे करतो, कारण तेव्हाची थंड हवा दाट असते आणि पंखांना चांगला आधार देते.

काठावर पट्टकदंब दिसले की त्यांच्या मानाही नीट बघा. मंगोलियात शास्त्रज्ञांनी काही पक्ष्यांच्या गळ्यात अक्षरं-आकडे लिहिलेले पट्टे घातले होते, आणि तसे पक्षी पार कर्नाटकात दिसले आहेत. तुम्हाला असा पट्टा दिसलाच तर त्यावरची अक्षरं लिहून घ्या, फोटो काढा आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. १८८३ पासून ही संस्था असली कामं करते आहे.

आता रोहित. म्हणजे फ्लेमिंगो हो. भिगवणला येणाऱ्यांपैकी निम्मी मंडळी त्याच्यासाठीच येतात. पण एक आधीच सांगून ठेवते, तो नाताळातच भेटेल याची खात्री नाही. पाणी उतरून चिखल उघडा पडला की तो येतो. कधी डिसेंबरअखेर, कधी जानेवारी-फेब्रुवारीत. होडीवाल्यांना फोन करून विचारलेलं बरं.

रोहित खाताना बघाच. मान खाली, डोकं उलटं, वरची चोच जमिनीकडे! जीभ मागेपुढे करून तो चिखलाचं पाणी आत ओढतो आणि बाहेर फेकतो. चोचीच्या कडांना बारीक दाते असतात, त्यांत शेवाळ आणि इवलेसे जीव अडकतात. हे घरी करून बघता येतं. परातीत पाणी घ्या, त्यात मोहरी आणि थोडा रवा टाका. एक नवी, बारीक दात्यांची फणी पाण्यातून ओढा. रवा निसटतो, मोहरी अडकते. रोहिताची चोच म्हणजे अशीच फणी. आणि त्याची युक्ती एवढ्यावर संपत नाही. २०२५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की तो चिखलात पाय आपटून आणि डोकं झटक्याने वर खेचून पाण्यात छोटे छोटे भोवरे तयार करतो. पळू पाहणारे जीव त्या भोवऱ्यांत सापडतात आणि आयते चोचीत येतात.

त्याचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, हे तुम्ही ऐकलं असेल. शेवाळात आणि त्यावर जगणाऱ्या जीवांत जी रंगद्रव्यं असतात, त्यांच्याच कुटुंबातलं द्रव्य गाजरातही असतं. थंडीत गाजराचा हलवा खाऊन आपण गुलाबी होत नाही, पण रोज ढिगाने गाजरं खाल्ली तर माणसाचेही तळहात पिवळसर दिसायला लागतात! रोहिताचं पिल्लू राखाडी असतं. आईबाबा दोघंही त्याला आपल्या गळ्यात तयार होणारं लालसर दूध पाजतात, आणि पिल्लू वाढवता वाढवता त्यांचे स्वतःचे पंख फिके पडत जातात. मला ही गोष्ट फार आवडते. कच्छच्या रणात रोहितांची मोठी वसाहत आहे, तिथे हे सगळं घडतं.

आणि तो एका पायावर तासन्‌तास उभा कसा राहतो? दमतो कसा नाही? २०१७ मध्ये अमेरिकेत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. मेलेल्या रोहितालासुद्धा एका पायावर उभं करता येतं. म्हणजे सांधेच असे बसतात की स्नायूंना जवळजवळ काही करावंच लागत नाही. दोन पायांवर मात्र तो मेलेला पक्षी उभा राहीना. जाता जाता एक बघा: त्याच्या पायाचा मधला सांधा उलटा वाकतो असं वाटतं ना? तो गुडघा नाहीच, तो घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो.

वाटेत आणखी कोणकोण भेटेल! कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी पाण्यावर घोळक्याने असतात. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके. चमच्याची चोच बघितली की त्याचं नाव कुणाला विचारावं लागत नाही. आकाशात घिरट्या घालून अचानक पाण्यात झेपावणारी मीनघार दिसली तर तुमचं नशीब जोरावर आहे असं समजा. वहीत सगळ्यांची नावं लिहा. मोठा थवा असेल तर एकेक मोजत बसू नका. दहा पक्षी मोजा, त्यांनी केवढी जागा व्यापली ते बघा, आणि तेवढे किती तुकडे थव्यात बसतील ते मोजा. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, त्यातही मोठे थवे असेच अंदाजाने मोजतात. दादाचा आकडा वेगळा आणि तुमचा वेगळा आला तर पुन्हा मोजा.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याकडून शब्द घेणार आहे. उडत्या थव्याचा फोटो मिळावा म्हणून काही लोक होडी थेट पक्ष्यांच्या अंगावर घालायला लावतात, टाळ्या वाजवतात. हे वाईट आहे. या पक्ष्यांना परत हिमालय ओलांडायचा आहे, आणि त्यासाठी अंगावर चरबी साठवायची आहे. प्रत्येक वेळी घाबरून उडताना ती खर्च होते. होडीवाले काका गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकत नाहीत, पण तुम्ही म्हणू शकता. ‘काका, इथेच इंजिन बंद करा, आम्ही लांबूनच बघतो,’ एवढं म्हटलं की पुरे. होडी थांबली की थोड्या वेळाने पक्षी तुम्हाला विसरतात आणि आपापल्या कामाला लागतात.

दहा वाजेपर्यंत ऊन चढतं, पक्षी सुस्तावतात, आणि तुम्हाला भूक लागलेली असते. कुंभारगावात घरगुती जेवण मिळतं. मासे खाणाऱ्यांनी इथली चिलापी आणि गरम भाकरी सोडू नये.

भिगवण लांब पडत असेल तर नाशिककरांसाठी निफाडजवळ नांदूर मधमेश्वर आहे, संभाजीनगरच्या मुलांसाठी पैठणचं जायकवाडी, मुंबई-ठाण्याला खाडी, गोव्यात करमळीचं तळं. गोंदियाच्या बाजूला नवेगाव बांध आहे. आणि तुमच्या गावचा पाझर तलाव विसरू नका, तिथेही थंडीत कुणी ना कुणी आलेलं असतंच.

पट्टकदंब साधारण मार्चपर्यंत राहतात. नाताळात नाहीच जमलं, तर २६ जानेवारीला झेंडावंदन करून येणारा पहिला रविवार धरा. तोवर रोहितही आलेले असण्याची शक्यता जास्त.