पुस्तकातली बाग आणि आपली बाल्कनी

बागकाम, पुष्परचना आणि घरातले हातचे उद्योग यांच्यावरची पुस्तकं, हा आजचा विषय. सुरुवातीलाच एक कबुली देतो. अशी पुस्तकं आम्ही वर्षानुवर्षं हौसेनं विकत घेतली आणि त्यातली बरीचशी नुसती चाळून ठेवली. चित्रं काय सुंदर असतात! पण पुस्तक मिटलं की समोर आपली चार बाय आठ फुटांची बाल्कनी, तिच्यात वॉशिंग मशीन, आणि ऊन येणार सकाळचे तीन तास. मग मन म्हणतं, जाऊ दे, हे आपलं काम नव्हे.

एकदा आम्ही नेट लावून एका इंग्रजी पुस्तकाबरहुकूम पिटुनिया पेरला. पुस्तकात लिहिलं होतं मार्च, म्हणून मार्च. पुण्यातला मार्च! रोपं जेमतेम बोटभर झाली आणि एप्रिलच्या उन्हानं करपली. त्याच वर्षी आणलेलं लॅव्हेंडर उन्हाळ्यातून कसंबसं तगलं आणि जुलैच्या पावसात मुळापासून कुजलं. दोन वर्षं आम्ही कुंड्यांना हात लावला नाही. आपल्या हाताला गुण नाही, अशी समजूत करून घेतली. दोष हाताचा नव्हता, दिनदर्शिकेचा होता.

हे नीट समजून घेऊ या. इंग्लंडमधला माळी मार्च-एप्रिलची वाट बघतो, कारण तेव्हा थंडी सरते, माती उबदार व्हायला लागते. रोपाला हवी असते ती मध्यम उबेची, लांबलचक मुदत. आपल्या पठारावर ती मुदत पाऊस ओसरल्यावर सुरू होते. म्हणून हंगामी फुलांच्या बाबतीत, त्यांनी 'वसंत' लिहिलं असेल तिथे आपण सप्टेंबर-ऑक्टोबर वाचायचा. पिटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स हे सगळे तेव्हा पेरा, थंडीत फुलतील. मात्र हा हिशेब सगळीकडे लागू पडत नाही. ट्यूलिपच्या कांद्याला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, ती मुंबईत कुठल्याच महिन्यात नाही. शेवंतीला रात्र मोठी झाल्याशिवाय कळी धरता येत नाही. आणि मोगरा तर आपलाच. त्याची छाटणी थंडीत करायची, फुलं उन्हाळ्यात. तेव्हा पुस्तक उघडलं की पेन्सिल हातात हवी. समासात आपले महिने लिहून काढायचे.

महिने बदलले, मग या पुस्तकांत आपल्यासाठी उरतं काय? भरपूर उरतं. उदाहरण घेऊ गर्ट्रूड जेकिल यांचं. जन्म 1843, मृत्यू 1932. या मूळच्या चित्रकार. भरतकाम, लाकूडकाम, चांदीचं काम, सगळं हातानं करणाऱ्या. दृष्टी अधू होती. 1891 मध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं आणि त्यांनी सगळा जीव बागेत ओतला. सरे परगण्यात मन्स्टेड वूड इथे त्यांची बाग होती. तिथलं घर आखलं ते एडविन ल्युटेन्स यांनी, दिल्लीच्या राष्ट्रपती भवनाचे वास्तुरचनाकार. हे जाता जाता.

जेकिल यांचं 'कलर इन द फ्लॉवर गार्डन' हे 1908 चं पुस्तक. त्यात त्यांच्या बागेतला जो मुख्य पट्टा आहे तो सुमारे 200 फूट लांब आणि 14 फूट रुंद. ऐकूनच आपण पुस्तक मिटणार! पण थांबा. त्या सांगतात काय, तर दोन्ही टोकांना निळे, करडे, पांढरे, फिके पिवळे असे शांत रंग ठेवा, आणि मध्याकडे जाताना नारिंगी, लाल असे चढत न्या. हे 200 फुटांत जमतं तसं आठ फुटांच्या कठड्यावरही जमतं. एका टोकाला गोकर्ण आणि पांढरी सदाफुली, मध्ये झेंडू आणि लाल जास्वंद, पुन्हा पलीकडे पांढरी तगर. आम्ही करून बघितलं. पूर्वी दिसायचा तो नुसता कुंड्यांचा ढीग, आता नजर एका टोकाकडून दुसरीकडे जायला लागली.

त्यांची दुसरी युक्ती तर जणू फ्लॅटवाल्यांसाठीच आहे. एखादं झाड फुलून संपलं की तिथे खड्डा पडल्यासारखं दिसतं. जेकिल काय करायच्या? कुंडीत वाढवलेली हायड्रेंजिया, लिली यांसारखी झाडं ऐन फुलण्याच्या वेळी आणून त्या रिकाम्या जागी ठेवायच्या. आपल्याकडे तर सगळंच कुंडीत! फुललेली कुंडी पुढे, दमलेली मागे, एवढं हलवाहलवीचं काम रविवारी अर्ध्या तासात होतं.

कारेल चापेक यांचं पुस्तक वेगळ्या जातीचं. 'रोबो' हा शब्द ज्यांच्या नाटकातून जगभर गेला तेच हे चेक लेखक. 'माळ्याचं वर्ष' असं नाव होईल त्या पुस्तकाचं. 1929 मध्ये आलं, चित्रं भाऊ योसेफ यांची. बारा महिने, आणि माळ्याची यथेच्छ टिंगल. पाण्याची नळी सापासारखी अंगावर येते, नवं रोप हातात घेऊन माळी जागा शोधत फिरतो. रोपं मेल्यावर वाचायचं पुस्तक आहे हे. शिवाय एक गोष्ट ते हसतहसत पटवतात, की माळ्याचं खरं प्रेम फुलावर नसतं, मातीवर असतं.

मातीचा विषय निघाला की आपल्याकडचे श्रीपाद अच्युत दाभोलकर आठवतातच. गणिताचे प्राध्यापक, कोल्हापूरचे. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' जरूर मिळवा. पानावर पडणारं ऊन हेच भांडवल, ही त्यांची दृष्टी. आणि काडीकचरा हा कचरा नव्हे, उद्याची माती आहे. रंगाची 20 लिटरची रिकामी बादली घ्या, धुऊन तिला बाजूनं आणि तळाला भोकं पाडा. भाजीची देठं-सालं एक भाग, वाळलेली पानं दोन भाग, असे थर द्या. ओल पिळलेल्या फडक्याइतकीच ठेवा. वास आला तर समजा पानं कमी पडली. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत हाताला लागतं.

आता फुलं घरात आणू. कॉन्स्टन्स स्प्राय या पूर्व लंडनमध्ये कामकरी मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. फुलांचं दुकान काढलं 1929 मध्ये, म्हणजे वयाच्या चाळिशीनंतर. 'फ्लॉवर डेकोरेशन' हे पुस्तक 1934 चं. महागडी फुलं एका साच्यात उभी करायची त्या काळची रीत होती, ती त्यांनी मोडली. कुंपणातली रानफुलं, कोबीच्या जातीतल्या केलची पानं, शेंगा, आणि भांडं म्हणून रश्श्याचं वाढपात्रसुद्धा! देठ उभे राहावेत म्हणून भांड्यात कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चुरगळून घालायची.

आम्हाला हे वाचून माळ्यावरचा पितळी तांब्या आठवला. त्यात जाळी घातली, अळूची दोन पानं, मोहोराची डहाळी आणि निशिगंधाच्या चार काड्या. खर्च फक्त काड्यांचा. देठ पाण्यात बुडवून तिरके कापा, पाण्याखाली जाणारी पानं काढून टाका, पाणी रोज बदला. ग्लॅडिओलस घेताना खालच्या एक-दोन कळ्यांना रंग आलेला बघून घ्या, म्हणजे वरच्या घरी उमलतील. तेरडा मात्र फुलदाणीत घालू नका. त्याचा रंग तीन दिवस, हे आपल्या आज्यांना स्प्रायबाईंच्या आधीपासून ठाऊक होतं.

सुरुवात कोणत्या पुस्तकानं करायची, असं कोणी विचारेलच. कुंडी रिकामी असेल तर दाभोलकर. कुंड्या आहेत पण मन लागत नाही, तर जेकिल. त्यांची जुनी पुस्तकं इंटरनेटवर फुकट वाचता येतात. आणि या आठवड्यात काही करपलं-बिरपलं असेल, तर आधी चापेक. आता तुमचे प्रश्न घेऊ.