अली, गुलाब आणि सागवानी वस्ताद

मल्लखांबाच्या परंपरेत दोन नावे हमखास निघतात, पण ती ना गुरूंची ना चेल्यांची. अली आणि गुलाब. निजामाचे हे दोन पहिलवान दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात उतरले, जोड मागू लागले आणि त्यांच्यासमोर कोणी उभा राहीना. पुढचे आख्यान मल्लखांब शिकणाऱ्या बहुतेक पोरांना पाठ असते. बाळंभटदादा देवधर, जन्म १७८०चा, त्यांनी विडा उचलला, मुदत मागितली आणि वणीला सप्तशृंगीच्या डोंगरावर अनुष्ठान मांडले. तिथे साक्षात मारुतीने लाकडी खांबावर डाव दाखवले. परत येऊन दादांनी गुलाबला चीत केले. अली तर लढायला उतरलाच नाही.

आम्हा धाराशिवकरांना ही कथा ऐकताना जरा अवघडल्यासारखे होते. आमचा मुलुख निजामाचा; १९४८च्या सप्टेंबरपर्यंत तसाच राहिला. म्हणजे हरलेले पहिलवान आमच्या सरकारचे! त्यात खर्डा आमच्या परांड्यापासून फार लांब नाही. १७९५ साली निजाम तिथे मराठ्यांकडून हरला आणि पुढच्याच वर्षी बाजीराव गादीवर बसला. रणात गेलेली अब्रू आखाड्यात मिळवण्याचा हा खटाटोप असावा, असा आपला माझा तर्क.

पण खरी गंमत वेगळीच आहे. उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याने निघालात की शीव ओलांडल्यावर थोड्याच अंतरात बसवकल्याणचा फाटा लागतो. हीच चालुक्यांची राजधानी कल्याण. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या राजा तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातल्या मल्लविनोदात ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक, गोवल अशा मल्लांच्या पायऱ्या आहेत, त्यांचा खुराक आहे, आणि मेहनतीच्या प्रकारांत ‘स्तंभश्रम’ही आहे. म्हणजे दादांच्या साडेसहाशे वर्षे आधी आमच्या शेजारीच खांबावर घाम गाळला जात होता.

मग दादांनी केले काय? माझ्या मते त्यांनी खांबाला वस्ताद केले. जोडीदार दमतो, चिडतो, कधी मुद्दाम पडतो. खांब यातले काही करत नाही. जमिनीवर साधारण अडीच मीटर उंच, वर निमुळता होत गेलेला शिसवी किंवा सागवानी खांब. अंग, मान आणि वर बोंड. त्याला एरंडेल चोळलेले. मांडीची पकड ढिली पडली की माणूस सरळ खाली येतो. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी हा सगळा अभ्यास अखेर कुस्तीतल्या पकडीचाच. श्रमाला शिस्त लागली, आणि शिस्त लागली की गुरूकडून चेल्याकडे नेता येते.

नेणारेही भेटले. दादा काशीला गेले आणि शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांच्यासह त्यांनी तिथे आखाडा उभारला, असे परंपरा सांगते. ब्रह्मावर्तात झाशीच्या राणीने मल्लखांब केला, हेही तीच सांगते. त्यावर मी पैज लावणार नाही.

बडोद्याचे मात्र पक्के. तिथले माणिकराव म्हणजे व्यायामाचे चालतेबोलते विद्यापीठ आणि नामांकित हाडवैद्य. त्यांचे गुरू जुम्मादादा, मुसलमान वस्ताद. माणिकरावांची संस्था आजही जुम्मादादा व्यायाम मंदिर म्हणूनच ओळखली जाते. अलीगुलाबांना हरवल्याची कथा रंगवून सांगणाऱ्यांनी हे नावही सांगावे. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. तोंडी विद्या त्यात पहिल्यांदा एवढ्या तपशिलाने चित्रांसह कागदावर उतरली.

स्पर्धेचा मल्लखांब त्यानंतरचा. १९८१ साली उज्जैनला स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा झाली. २०१९च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत शिवाजी पार्कवर भरली. तिच्यामागे श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे होते. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. मुलींना दोरीचा मल्लखांब त्यांनी शिकवलाच, पण दृष्टिहीन मुलांनाही खांबावर चढवले. एरवी पोर आधी बघते आणि मग करते. या मुलांना दाखवायचे कसे? गुरूने त्यांचा हात धरायचा, खांबावर ठेवायचा, पाय उचलून अढीत बसवायचा, आणि मग सोडून द्यायचे.