सासूबाई, जरा रिंगणात या : बाळंतपण, नाटक आणि काही गैरसमज

जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. त्यात एक जोशी कुणब्याच्या घरी येतो, गरोदर बाईला ग्रहांची भीती घालतो, पोटातल्या जिवाला धोका आहे म्हणून सांगतो आणि भोळं जोडपं ब्राह्मणभोजनाच्या खर्चात उतरतं. अधूनमधून विदूषक येऊन या लबाडीवर शेरे मारतो. शेवटी नवरा-बायको रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारलं आणि ते छापून यायला 1979 साल उजाडलं. बाळंतपणातली भीती आणि त्या भीतीवर पोट भरणारे लोक हा विषय मराठी नाटकात असा पहिल्यापासून आहे. कुण्या परदेशी संस्थेने तो आणून दिलेला नाही.

तरी आज ‘मातृआरोग्यावर नाटक’ म्हटलं की डोळ्यांसमोर उभा राहतो तो बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडबाहेरचा खेळ. मागे बॅनर, हातात डफ, आणि दहा मिनिटांत लोहाच्या गोळ्या, लसीकरण, दोन मुलांतलं अंतर असं सगळं एका दमात. शेवटी घोषणा, फोटो आणि अहवालात प्रेक्षकसंख्या. या चित्रामुळे या माध्यमाबद्दल बरेच गैरसमज पसरले आहेत. काही विरोधकांचे आहेत, काही चाहत्यांचे. चाहत्यांचे जास्त घातक.

गैरसमज : बायकांना माहीत नसतं, म्हणून नाटकातून माहिती द्यायची

सेरीन थॅडिअस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी 1994 मध्ये मातामृत्यूंमागच्या ‘तीन उशिरां’ची मांडणी केली. पहिला उशीर घरातून निघायचा निर्णय घ्यायला, दुसरा दवाखान्यापर्यंत पोचायला, तिसरा दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळायला. पहिल्या उशिराचं कारण दर वेळी अज्ञान असतंच असं नाही. आठव्या महिन्यात पायांवर सूज आली, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, हे त्या सुनेला चांगलं कळत असतं. रक्तदाब वाढल्याची ही लक्षणं असू शकतात, पुढे झटके येऊन जिवावर बेतू शकतं, हे आशाताईने सांगितलेलंही असतं. पण गाडी बोलवायचं तिच्या हातात नसतं. नवरा कामाला परगावी, पैसे सासऱ्याच्या खिशात, आणि सासूबाईंचं एकच पालुपद : आमची तर शेतात झाली बाळंतपणं.

महाराष्ट्रात यात आणखी एक गाठ आहे. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी. म्हणजे ऐन शेवटच्या महिन्यांत गाव बदलतं, नर्सबाई बदलते, निर्णय घेणारी माणसं बदलतात. सासरच्या गावात केलेला खेळ कितीही रंगला, तरी जिने निर्णय घ्यायचा ती आई दुसऱ्याच तालुक्यात असते. जनजागृतीच्या आराखड्यांत ही साधी गोष्ट फारशी दिसत नाही.

ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल यांनी 1970 च्या दशकात जे ‘फोरम थिएटर’ घडवलं ते नेमकं या पहिल्या उशिराच्या कामाचं आहे. भारतात संजय गांगुलींच्या, 1985 मध्ये स्थापन झालेल्या ‘जन संस्कृती’ या संस्थेने ते पश्चिम बंगालच्या खेड्यांत रुजवलं. त्याची रीत अशी. प्रसंग एकदा पूर्ण करून दाखवायचा, तोही वाईट शेवटासकट. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा आणि प्रेक्षकांना सांगायचं, कुठेही ‘थांबा’ म्हणा, आत या, पीडित पात्राची जागा घ्या आणि काही वेगळं करून बघा. पात्रं आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक सूत्रधार असतो, बोआल त्याला जोकर म्हणतात.

यातला एक नियम फार हुशारीचा आहे. जाच करणाऱ्याची जागा घ्यायची नाही. सासू एका रात्रीत प्रेमळ झाली की प्रश्नच मिटला, आणि तसं तर घरी होत नाही. त्यामुळे बघणाऱ्यांतून एखाद्या खऱ्या सासूबाई तावातावाने उठल्या, तर त्यांना करावी लागते ती सुनेची भूमिका. समोरची नटी मुळीच नमतं घेत नाही. ‘डोकं दुखतंय तर पड जरा, पण आधी भाकऱ्या टाक,’ म्हणते. सासूबाई आधी नम्रपणे बोलून बघतात, मग चिडतात, मग शेजारणीला हाक मारतात. मागून कुणीतरी ओरडतं, ‘अगं, 108 ला फोन कर ना!’ आणि लगेच पुढचा प्रश्न येतो : मोबाइल आहे कुणाकडे? माहिती सगळ्यांकडे होती. मोबाइल कुणाच्या ताब्यात, हे मात्र गावाने चारचौघांत पहिल्यांदाच बोलून दाखवलेलं असतं.

गैरसमज : गोष्टी सांगून कुणाचा जीव वाचत नाही

डॉक्टरांच्या बैठकीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर झारखंड-ओडिशातून आलं. ‘एकजुट’ या संस्थेने 2005 ते 2008 या काळात पश्चिम सिंहभूम, सरायकेला-खरसावां आणि क्योंझर या जिल्ह्यांत बायकांचे गट घेऊन एक चाचणी केली. गावांचे 36 समूह केले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांतले निम्मे निवडले आणि तिथे दर महिन्याला गटाची सभा भरवली. सभा चालवणारी बाई त्याच भागातली. ती डॉक्टर नाही, नर्सही नाही.

सभेत काय होई? चित्रांचे पत्ते मांडले जात. बाळाला ताप, नाळ पिकणं, जास्त रक्तस्राव, अडलेलं बाळंतपण असे. आपल्या गावात सगळ्यात मोठी अडचण कोणती, यावर चर्चा करून बायका प्रश्नांचा क्रम लावत. लिहिता-वाचता येण्याची अट कुठेच नव्हती. मग त्या प्रश्नावर एक गोष्ट सांगितली जाई, ओळखीची वाटावी अशा पात्रांची, आणि गोष्ट संपली की ‘पण का?’ हा खेळ सुरू. बाळ का दगावलं? नाळेतून जंतू शिरले. पण का? जुन्या पात्याने कापली. पण का? नवं ब्लेड घरात नव्हतं. पण का? आणायचं कुणाला सुचलंच नाही. पण का? बाळ जगेल की नाही कोण जाणे, आधीपासून तयारी करू नये अशी समजूत. पाचव्या ‘का’पाशी येईतो प्रश्न ब्लेडचा राहत नाही. सगळं मिळून वीस सभांचं चक्र होतं आणि मधल्या टप्प्यात बायका हेच प्रश्न आणि त्यांवरचे उपाय साऱ्या गावापुढे मांडत, पुरुषांसकट.

निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2010 साली आला. गट असलेल्या भागात दर हजार जन्मांमागे नवजात बाळांचे मृत्यू पहिल्या वर्षी 55.6 होते. दुसऱ्या वर्षी ते 37.1 झाले, तिसऱ्या वर्षी 36.3. गट नसलेल्या भागात हेच आकडे 53.4, 59.6 आणि 64.3. तीन वर्षांचा एकत्रित हिशेब केला तर 32 टक्क्यांची घट. त्याआधी 2004 मध्ये नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यातल्या अशाच चाचणीत 30 टक्के घट दिसली होती.

इथे एक खुलासा केलेला बरा. या चाचण्यांत तपासलं गेलं ते निव्वळ नाटक नव्हे. गोष्ट, खेळ, सोंग घेऊन केलेला प्रसंग, चर्चा आणि त्यातून गटाने स्वतः ठरवलेली कामं, अशी ती सगळी साखळी होती. ‘नाटकाने बालमृत्यू एक तृतीयांशाने घटतात’ असं छापणाऱ्याने साखळीतली एक कडी उचलून तीच साखळी म्हणून खपवलेली असते.

गैरसमज : यश मोजायचं ते दवाखान्यातल्या बाळंतपणांवरून

एकजुटच्या चाचणीत दवाखान्यात जाण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलंच नाही. बदललं ते घरातलं वागणं. सुईणीने हात साबणाने धुणं, नाळ बांधायचा दोरा उकळून घेणं, सहा आठवडे निव्वळ अंगावरचं दूध. मकवानपूरला मात्र दवाखान्यातली बाळंतपणं वाढली होती. जिथे जाणं जमलं तिथे बायका गेल्या, जिथे नाही तिथे घरीच जे नीट करता येण्यासारखं होतं ते त्यांनी केलं. गोष्ट कोणती सांगायची हे मुंबई-दिल्लीत बसून ठरवलं असतं, तर हे झालं नसतं.

गैरसमज : एका ठिकाणी चाललं ते सगळीकडे चालेल

बांगलादेशात पहिली चाचणी फसली. बाळांच्या मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. तिथे दर 1414 लोकांमागे एक गट होता, म्हणजे बहुतेक गरोदर बायकांपर्यंत गोष्ट पोचलीच नव्हती. पुढच्या चाचणीत दर 309 लोकांमागे एक गट केला, आणि मृत्यू 38 टक्क्यांनी घटले. चार देशांतल्या सात चाचण्यांचा 2013 मध्ये एकत्र अभ्यास झाला, त्यातही हेच दिसलं : गरोदर बायकांपैकी निदान 30 टक्के गटात येत असतील तर परिणाम ठळक, नाहीतर पुसट.

मुंबईचं उदाहरण मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावं असं आहे. ‘स्नेहा’ ही संस्था डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1999 मध्ये उभी राहिली. तिने शहरातल्या 48 वस्त्यांत अशीच चाचणी घेतली, निम्म्या वस्त्यांत बायकांचे गट केले. निकाल 2012 मध्ये आला : नवजात मृत्यू घटले नाहीत, उलट गटांच्या वस्त्यांत ते जास्त निघाले. वस्तीतल्या बहुतेक बायका तशाही दवाखान्यातच बाळंत होत होत्या. घराघरांत माणसं येती-जाती, भाड्याची, कामाच्या पाळ्यांत अडकलेली. खेड्यातला पार इथे नव्हता आणि खेड्यातला प्रश्नही नव्हता. हा नापास निकाल संस्थेने झाकून न ठेवता छापला, याचं मोल एखाद्या यशस्वी अहवालापेक्षा कमी नाही.

गैरसमज : हे सगळं अडाणी बायकांसाठी

अमेरिकेतल्या कॅरन ब्रॉडी यांनी शंभरावर आयांशी बोलून ‘बर्थ’ हे नाटक लिहिलं. 2006 पासून स्थानिक हौशी गट त्याचे प्रयोग करत आले आणि प्रयोगानंतर प्रेक्षकांत डॉक्टर, सुईणी, आया यांची चर्चा रंगत गेली. प्रश्न होता तो सुशिक्षित, दवाखान्यातच बाळंत होणाऱ्या बायकांचा : माझ्या अंगावर काय करताय हे मला विचारलं का?

हा प्रश्न आपल्या दारातही आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रात 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. देशभरातल्या खाजगी दवाखान्यांत 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. म्हणजे इथे मुद्दा ‘दवाखान्यात चला’ हा उरलेलाच नाही, मुद्दा आहे तो पोचल्यानंतरचा. कळा देताना ओरडली म्हणून बोलणी ऐकलेली बाई शहरातही भेटते, शिकलेलीही भेटते. सोबतीला कुणी असावं यासाठी पुरावा भक्कम आहे : 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात 26 चाचण्या आणि 15 हजारांवर बायका होत्या, आणि सलग सोबत मिळालेल्यांची बाळंतपणं लवकर झाली, सिझेरियनही कमी झाली. केंद्र सरकारने 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांत सोबतिणीला मुभा दिली. तरी दारावरच्या मावशी ‘बाहेर थांबा’ म्हणाल्या तर पुढे काय बोलायचं, याची तालीम कुणी करून घेत नाही. फोरमचा खेळ तिथे लावून बघावा. रिंगणात नर्सबाईही हव्यात. सोळा तासांची पाळी आणि एका खाटेवर दोन बायका, ही त्यांचीही गोष्ट आहे.

गैरसमज : खेळ झाला, काम झालं

एकजुटचे आकडे पुन्हा पाहावेत. पहिल्या वर्षी गटांच्या भागातले मृत्यू उलट किंचित जास्तच होते. एका वर्षाचा प्रकल्प असता तर मार्चअखेर त्यावर ‘परिणामशून्य’ असा शिक्का बसून फाइल बंद झाली असती. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये या पद्धतीची शिफारस केली ती मुख्यतः आरोग्यसेवा तोकड्या असलेल्या ग्रामीण भागांसाठी. सभा चालवणारी बाई तयार करण्यावर आणि काम नीट चाललंय का हे तपासत राहण्यावर या शिफारशीचा भर आहे. पुढे सभा चालवायचं काम आशाताईंकडे दिलं, तरी नवजात मृत्यू 31 टक्क्यांनी घटले, असं 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. त्यासाठी त्यांना प्रशिक्षण मिळालं होतं आणि प्रत्येक सभेचा भत्ताही.